पडद्याची परवानगी

"चुकला म्हण की मग. पासवर्ड चुकला म्हण, मी दुरुस्त करतो. बरोबर म्हणायचं आणि दारातून हाकलून द्यायचं, ही कुठली पद्धत?"

श्रीरंगराव हे कुणाला म्हणत होते ते भानुमतीबाईंना स्वयंपाकघरातून दिसत नव्हतं. पण आवाज दबका होता, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या कानावर जाऊ नये एवढी काळजी घेऊन केलेली ती तक्रार होती. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस तक्रार अशीच करतो. भानुमतीबाई पिण्याच्या हंड्यात तांब्या कुठवर बुडतो ते बघत होत्या. अर्धा बुडला. त्यांनी हंड्यावर झाकण ठेवलं, हात कोरड्या फडक्याला पुसले आणि बाहेर आल्या.

श्रीरंगराव कॉम्प्युटरसमोर बसले होते. निळ्या पडद्यावर त्यांचं नाव होतं, नावाखाली एक रिकामी चौकट. त्यांनी चौकटीत एकेक अक्षर टाकलं. अक्षराऐवजी ठिपके उमटत होते. नऊ ठिपके झाले तसं त्यांनी मोठं बटण दाबलं. पडदा काळा झाला. काळ्या पडद्यावर क्षणभर काहीतरी लुकलुकलं, आणि पुन्हा तोच निळा पडदा, तेच नाव, तीच रिकामी चौकट.

"सकाळपासून सतरावी वेळ," श्रीरंगराव म्हणाले. "चुकीचा टाकला तर चूक म्हणतो. बरोबर टाकला तर काही म्हणत नाही. आत घेतो आणि मागच्या दारानं बाहेर सोडतो."

"कागद बरोबर आहेत, उद्या या," भानुमतीबाई म्हणाल्या.

हे वाक्य श्रीरंगरावांनी आयुष्यात किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही. त्यांनी चौकटीत पुन्हा पहिलं अक्षर टाकलं.

ही दोन हजार सोळाच्या मे महिन्यातली शुक्रवारची सकाळ. लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं आणि औरंगाबादचे लोक ते वाचून 'अरेरे' म्हणत स्वतःच्या टाकीत काठी बुडवून बघत होते. बायपासच्या पलीकडे शहर वाढत होतं ते असं: आधी इमारत उभी राहायची, मग तिला नाव मिळायचं, मग तिच्यापर्यंत रस्ता यायचा, आणि पाण्याचं पुढचं पुढे. श्रीरंगरावांच्या इमारतीचं नाव 'जलतरंग'. बिल्डरला संगीताची आवड होती म्हणतात. नळ बसवले होते, त्यातून वारा छान यायचा. सगळी भिस्त टँकरवर.

आणि टँकरची भिस्त एका यादीवर. सोमवारी दुपारी बाराच्या आत बाराही फ्लॅटची यादी पाण्याच्या कचेरीत द्यायची होती: कुटुंबप्रमुख कोण, माणसं किती, टाकी केवढी. ज्यांची यादी वेळेत, त्यांचं नाव पंधरवड्याच्या फेऱ्यांत. ज्यांची नाही, त्यांनी पुढचा पंधरवडा बघायचा. खालच्या टाकीत काठी बुडवली तर बुधवारपर्यंतचं पाणी निघत होतं, तेही कुणी पाहुणा आला नाही तर.

यादी तयार होती. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून श्रीरंगरावांनी तीन आठवडे घरोघर जाऊन ती केली होती. ती कॉम्प्युटरच्या पोटात होती आणि पोट उघडत नव्हतं.

आता कुणीही विचारील, की बाई, बारा घरांची यादी म्हणजे बारा ओळी. फूटपट्टी घेऊन बसलं तर चौथीतलं पोर अर्ध्या तासात लिहून देईल. हे बाराही घरांना कळत होतं. आणि बारा घरांत कुणी ते बोलत नव्हतं.

कारण श्रीरंगरावांचं अक्षर. मंत्रालयात जाणारी पत्रं खात्यातून त्यांच्या हातची जायची. टाइपरायटर शेजारी रिकामा असताना साहेब म्हणायचे, श्रीरंगरावांना बोलवा. नात्यातल्या लग्नांच्या याद्या, शाळेतल्या फळ्यावरचे सुविचार, भानुमतीबाईंच्या माहेरी आलेलं पहिलं पत्र, ज्यातला मजकूर अगदी कोरडा होता पण अक्षर बघून त्यांच्या वडिलांनी 'हो' म्हणून टाकलं, ते सगळं त्या हातचं. आणि गेल्या नवरात्रात, तीर्थाची पळी धरली असताना, त्या हातातून तीर्थ सांडलं. एकदा सांडलं तर धक्का लागला म्हणता येतं. मग चहा बशीत यायला लागला. मग पेन कागदावर टेकलं की रेघ नागमोडी जायला लागली. सात महिने झाले.

भानुमतीबाईंच्या माहेरी रात्री सापाला साप म्हणत नसत. 'लांबडं' म्हणायचे. नाव घेतलं की येतो. त्याच नियमानं या घरात हाताचं नाव निघत नव्हतं. श्रीरंगराव बोलले नाहीत, भानुमतीबाईंनी विचारलं नाही, डॉक्टरांकडे कुणी गेलं नाही. भानुमतीबाईंनी फक्त कप बदलले. मोठे, जाड कानाचे आणले आणि ते अर्धेच भरायला लागल्या. "उन्हाळ्यात चहा कमी बरा," असं त्यांनी हिवाळ्यातच जाहीर केलं होतं. सोसायटीतले लोक तर त्यांच्याही पुढे. यांच्याच घरी होणाऱ्या मीटिंगमध्ये सही करताना श्रीरंगरावांचं पेन अडखळलं की कुणीतरी वाकून टेबलाखाली बघायचं आणि म्हणायचं, टेबल हलतंय. टेबलाच्या चारही पायांखाली आता पुठ्ठे होते.

म्हणून हा कॉम्प्युटर. दोन वर्षांपूर्वी मुलानं, विश्वजितनं, हैदराबादला जाताना घरी ठेवलेला. तेव्हा श्रीरंगराव त्या यंत्राकडे शेजारच्या कुत्र्याकडे बघावं तसे बघायचे. नवरात्रानंतर मात्र ते त्याच्यासमोर बसायला लागले. कॉम्प्युटरचं अक्षर सगळ्यांचं सारखंच असतं. कागद बघून त्यामागचा हात ओळखता येत नाही.

दहा वाजता दुसऱ्या मजल्यावरचे शिवशंकर आले. बँकेतून रिटायर झालेले. त्यांच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याचं पहिलं बटण यांनी दाबलं होतं आणि त्या आधारावर ते आजतागायत सल्ला देत होते.

"श्रीरंगराव, यंत्राला ऊन लागलंय," ते कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवून म्हणाले. "बघा, तापलाय. त्रेचाळीस डिग्रीत माणूस आत घेत नाही कुणाला, तो काय घेईल."

आणि भानुमतीबाई काही म्हणायच्या आत त्यांनी मोरीतला तांब्या घेऊन एक पंचा भिजवला आणि डब्यावर पसरला. भानुमतीबाईंच्या डोळ्यांसमोर अर्धा तांब्या पाणी गेलं. त्यांनी तो पंचा दोन बोटांनी उचलला, गॅलरीत नेला आणि तुळशीत शेवटच्या थेंबापर्यंत पिळला. "यंत्राला विजेचा धक्का बसेल," त्या म्हणाल्या, पण नजर तांब्यावर होती.

"मग असं करू," शिवशंकर म्हणाले. "आमच्या सूनबाईंचा लॅपटॉप आहे. तुम्ही रजिस्टर द्या, ती करून टाकेल."

श्रीरंगरावांनी रजिस्टर हळूच स्वतःकडे ओढलं. "रजिस्टर असं हलत नाही, शिवशंकरराव. आधी चार्ज द्यावा लागतो. चार्ज द्यायचा तर मीटिंग बोलवावी लागते. मीटिंगची नोटीस सात दिवस आधी."

"बुधवारी पाणी संपतंय."

"नियम मी केला नाही."

नियम त्यांनीच केला होता. ते सगळ्यांना माहीत होतं.

भानुमतीबाई शिवशंकरांना जिन्यापर्यंत सोडायला गेल्या. दोन पायऱ्या उतरून ते थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, बाराच ओळी आहेत हो."

"हो."

"म्हणजे मी काय म्हणत होतो..." त्यांनी कठड्यावरची धूळ बोटानं पुसली. "कीबोर्ड. कीबोर्ड खराब असणार त्याचा."

"असणार," भानुमतीबाई म्हणाल्या.

दोघांनाही बरं वाटलं आणि दोघांनाही थोडी लाज वाटली.

शनिवारी कॉम्प्युटर दवाखान्यात न्यायचं ठरलं. श्रीरंगरावांनी डब्याच्या मागच्या वायरी सोडवताना प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधायची पद्धत काढली. चिठ्ठ्यांवर लिहायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "राहू दे, लक्षात राहतं." डबा चादरीत गुंडाळून भानुमतीबाईंनी मांडीवर घेतला आणि रिक्षा क्रांती चौकाकडे निघाली. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्यानं खड्डा चुकवून गाडी हळू घेतली. मांडीवर काय आहे असं त्याला वाटलं ते देव जाणे.

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या भिकनचं दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली फट. आत कॉम्प्युटरांची आतडी लटकत होती. भिकन चाळिशीचा, डोक्यावर चष्मा, नाकावर दुसरा. त्यानं डबा जोडला, पडदा निळा झाला, श्रीरंगरावांनी ठिपके टाकले, पडदा काळा झाला, पुन्हा निळा झाला.

"काका, ये तो लिनक्स है, विंडोज नै," भिकन म्हणाला, जसं काही रोग्याचा धर्म कळला. "इसकू मैं हात नै लगाता. विंडोज डाल देता, एक घंटे में चालू."

"आणि आतलं?"

"आत का सब गया समझो."

"मग चालू होऊन करायचं काय?"

"वो भी है," भिकन म्हणाला. त्याला हा मुद्दा आधी कुणी सांगितला नव्हता असं दिसलं.

माणूस सज्जन होता. त्यानं तपासायचे पैसे घेतले नाहीत, पण वहीत नोंद हवी म्हणून वही पुढे सरकवली. "नाम लिखो काका, मोबाइल नंबर." श्रीरंगरावांनी पेन उचललं. ते कागदाला टेकलं, उचललं, परत टेकलं. भिकननं नाकावरचा चष्मा डोक्यावर सारला. मग सहज, जसं दुकानात हाच रिवाज आहे असं, त्यानं पेन त्यांच्या बोटांतून काढून घेतलं. "तुम बोलो काका, मैं लिखता. मेरी वही का कागद खराब है, किसी के हात से चलता नै."

मग त्यानं न मागता वरच्या फळीवरून एक कीबोर्ड काढला. त्याची बटणं चांगली सुपारीएवढी होती. "ये वाला ले जाव. पुराना डबल-डबल मारता होगा."

"हो, डबलच मारतो तो," भानुमतीबाई चटकन म्हणाल्या आणि पर्स उघडली.

येताना रिक्षात श्रीरंगराव एवढंच म्हणाले, "माणूस बरा आहे. कागद मात्र चांगला ठेवत नाही."

आता एक गोष्ट इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विश्वजितनं वडिलांसाठी एक वही करून दिली होती. अडचण आली तर काय टाइप करायचं ते त्यात पानापानावर. आणि सगळ्यात पुढच्या पानावर एक शब्द: सुडो. यंत्र एखादं काम नाही म्हणालं तर त्या कामाच्या आधी हा शब्द लिहायचा, मग ते काम यंत्राच्या साहेबाच्या हुकमानं होतं. विश्वजितनं हे फक्त अडल्या वेळेसाठी सांगितलं होतं. पण चौतीस वर्षं ज्यानं साधी टाचण्यांची मागणीसुद्धा साहेबांच्या सहीशिवाय पुढे पाठवली नाही, त्याला अडली वेळ आणि नेहमीची वेळ यांत फरक दिसत नाही. श्रीरंगराव प्रत्येक कामाआधी सुडो लावायचे. यंत्र गुपचूप ऐकायचं. त्यांना ते फार शिस्तीचं वाटायचं.

रविवारी सकाळी हैदराबादचा फोन स्पीकरवर ठेवला गेला. त्याच वेळी मंजुळाबाई भांड्यांना आली. पाचोडकडची. घरचे लोक मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेले, आणि ही गेल्या उन्हाळ्यात शहरात आलेली. भांडी राखेनं घासून कोरड्या फडक्यानं पुसायची तिची पद्धत आता सगळ्या इमारतीनं उचलली होती. फोनमधून आवाज येतोय बघून ती दारातच टेकली.

"बाबा, गुरुवारी नेमकं काय केलंत?" विश्वजितनं विचारलं.

"काही नाही. प्रिंटरचं बघत होतो तर पडदा काळा पडला. तुझ्या वहीचं पान चार काढलं, पडदा चालू करायचं वाक्य लिहिलं. झाला चालू. रात्रीपर्यंत उत्तम."

"त्या वाक्याआधी सुडो लिहिलंत?"

"लिहिलं म्हणजे? लिहायचंच."

हैदराबादहून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"बाबा, पडद्याची एक चिठ्ठी असते. तुम्ही आत आलात की यंत्र ती पावतीसारखी तुमच्या नावानं फाडतं, आणि मग ती दाखवून पडदा उघडतो. तुम्ही सुडो लावून पडदा उघडलात, तर चिठ्ठी साहेबाच्या नावानं फाडली गेली. आता रोज तुम्ही येता, पासवर्ड बरोबर असतो, पण चिठ्ठी तुमची नाही. म्हणून परत पाठवतो."

"पण यंत्र माझं आहे."

"यंत्र तुमचं आहे."

"खुर्ची माझी आहे. घर माझ्या नावावर आहे."

"हो, बाबा. चिठ्ठी नाही."

श्रीरंगरावांचा चेहरा उतरला. साहेबांची सही घेतल्याबद्दल शिक्षा होते, हे त्यांना सेवेत कुणी सांगितलं नव्हतं.

"आसंच आस्तं, भाऊ," दारातून मंजुळाबाई म्हणाली. "आमच्याकडं जनावरांची छावनी लागली व्हती. गाय माझी, पन कागदं दिराकडं, म्हून नोंद दिराच्या नावानं झाली. मंग मी चारा आनाया गेले तं म्हनले, बाई, तू कोन? गाय मला बगून हंबरती, मी गाईला बगून रडती, पन पेंढी काय भेटंना."

"मग काय केलंस?" श्रीरंगरावांनी खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारलं.

"दिरालाच नेलं संगं. त्याच्याच तोंडून वदवलं, की गाय हिची हाय म्हून."

"अगदी हेच करायचंय, बाबा," फोनमधून विश्वजित म्हणाला. "मावशी कोण आहेत या?"

"परत साहेब?" श्रीरंगराव म्हणाले.

"शेवटचं. त्याच्याच हातून चिठ्ठी तुमच्या नावावर करून घ्यायची."

त्यासाठी काळ्या पडद्यावर जायला हवं होतं, आणि काळ्या पडद्यावर जायला तीन बटणं एकदम दाबायला हवी होती. दोन डावीकडे खाली, एक वर. श्रीरंगरावांनी डाव्या हातानं खालची दोन धरली. वरच्या बटणाकडे उजवा हात गेला. सुपारीएवढं बटण, तरी बोट एकदा शेजारच्यावर पडलं, एकदा दोन्हींच्या मध्ये. पडद्यावर भलतीच पाटी आली. ती घालवली. पुन्हा. भानुमतीबाई फडकं घेऊन आल्या. "किती धूळ बसते या नव्या कीबोर्डवर," म्हणत त्यांनी वरचं बटण फडक्याखालून दाबलं. पडदा काळा झाला.

"आला," श्रीरंगराव म्हणाले. त्यांनी बायकोकडे बघितलं नाही.

काळ्या पडद्यानं नाव विचारलं. नावात दोन अक्षरं दोनदोनदा उमटली. ती खोडली, नाव बरोबर झालं. मग त्यानं पासवर्ड विचारला, आणि इथं खरं संकट आलं. निळ्या पडद्यावर ठिपके मोजता यायचे, नऊ म्हणजे बरोबर. काळ्या पडद्यावर ठिपकेच नाहीत. काय उमटलं, किती उमटलं, काही दिसत नाही. एकदा चूक. दोनदा चूक. तिसऱ्यांदा चूक.

"कीबोर्ड डबल मारतोय का, बाबा? बदलून घ्या ना."

"कालच बदलला," भानुमतीबाई म्हणाल्या.

मग विश्वजित अगदी सावकाश म्हणाला, "टेबल हलतंय का?"

भानुमतीबाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. सहाशे किलोमीटरवरून पोरगा टेबलाचं विचारत होता. म्हणजे दिवाळीत त्यानंही बघितलं होतं. चार दिवस राहिला, फराळ केला, आणि न बोलता गेला. आपलाच मुलगा.

"हलतंय थोडं," त्या म्हणाल्या.

मंजुळाबाईनं टेबलाच्या पायांखालच्या पुठ्ठ्यांकडे बघितलं. मग श्रीरंगरावांच्या हाताकडे. "ताई, टेबल कुठं..."

"मंजुळाबाई, गच्चीवरचे पापड बघून ये बरं."

"पापड कवाच उचलले की म्या."

"मग उचलले का ते बघून ये."

मंजुळाबाई उठली, जाताना भानुमतीबाईंकडे असं बघून गेली की त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं. शहाण्या माणसांच्या घरात काम करायचं म्हणजे लई अवघड, असं ती जिन्यात कुणाला तरी सांगत होती.

श्रीरंगरावांनी उजवा हात मांडीखाली ठेवला. त्यावर बसलेच म्हणा. आणि डाव्या हाताच्या एका बोटानं, तोंडानं मोजत, नऊ अक्षरं टाकली. त्याला इतका वेळ लागला की फोनमधून पोरानं दोनदा विचारलं, लाइन आहे का. यंत्रानं घेतलं. मग विश्वजित एकेक अक्षर सांगत गेला, सुडोपासून सुरुवात, मग मालक कोण करायचा ते, मग त्या चिठ्ठीचं नाव, ज्याच्या आधी एक टिंब होतं. टिंब असलं की ती फाइल लपलेली असते, तो म्हणाला. "सगळं महत्त्वाचं लपवूनच ठेवलेलं असतं," श्रीरंगराव पुटपुटले आणि टिंब दिलं. सव्वा तास गेला.

निळा पडदा आला. नऊ ठिपके. काळा झाला. भानुमतीबाईंनी डोळेच मिटले. उघडले तेव्हा पडद्यावर विश्वजितनं लावलेला दौलताबादच्या किल्ल्याचा फोटो होता, आणि कोपऱ्यात यादी.

प्रिंटर अजून रुसलेलाच होता, म्हणून ती त्यांनी खालच्या झेरॉक्सच्या दुकानात छापून आणली. बारा घरं, बारा ओळी, सरळ उभ्या रेघा. श्रीरंगराव तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. कागद हलत होता, पण अक्षरं ठाम होती. संध्याकाळी शिवशंकर येऊन म्हणाले, "मी म्हणालो होतो, कीबोर्डच." त्यांना अर्धा कप चहा मिळाला.

सोमवारी शिवशंकरांना घेऊन तिघं रिक्षानं पाण्याच्या कचेरीत पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते आणि रांग बाहेरच्या लिंबापर्यंत आली होती. नव्या वसाहतींची नावं पुढं-मागं ऐकू येत होती, सरोवर, निर्झर, गंगासागर, आणि एकाच्याही अंगावर आंघोळीची खूण नव्हती. खिडकीशी पोचायला पावणेबारा झाले. खिडकीतल्या बाईंनी यादी बघितली, ओळीवर बोट फिरवलं.

"यादी छान केलीय, काका."

श्रीरंगरावांची पाठ दोन बोटं वर गेली.

"हमीपत्र?"

"कसलं हमीपत्र?"

"की यादी खरी आहे, आणि पाणी दुसऱ्याला विकणार नाही. चार ओळींचं. गेल्या वेळी लोकांनी छापील हमीपत्रं आणली, एकाच दुकानातली, नावं बदलून. म्हणून आता अर्जदाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरात लागतं." त्यांनी खिडकीतून एक कोरा कागद बाहेर सरकवला. "इथंच लिहा. बाराला मी खिडकी बंद करते, मग पंधरा तारखेनंतर."

कागद श्रीरंगरावांसमोर पडला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला तेरा कमी होते. रांगेतून कुणीतरी म्हणालं, घ्या की उरकून.

"रिक्षाच्या दांड्यात सापडला हो त्यांचा हात," भानुमतीबाई म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, इतक्या सहज आलं ते. "आत्ता येताना. बोटं सुजलीत."

"हो, मी होतो ना," शिवशंकर म्हणाले. "चांगलाच सापडला. हाडाच्या डॉक्टरांकडेच निघालोय आम्ही इथून. पंधरा दिवस पेन धरायचं नाही असं..." इथं त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टरांकडे अजून जायचंय. "असं सांगतातच ते."

खिडकीतल्या बाईंनी वाकून हाताकडे बघितलं. हात खिडकीच्या लाकडावर होता. सूज नव्हती. तो लाकडावर बारीक टकटक करत होता, दार उघडा म्हणून कुणी हळू वाजवावं तसा. बाईंनी नजर उचलली आणि घाईघाईनं शिक्क्याच्या गादीकडे वळवली. भानुमतीबाईंना कळलं, आता ही पण काहीतरी शोधणार. लाकूड हलतंय म्हणेल. पंख्याचा वारा लागतोय म्हणेल. आणि मग आपण तिघं मिळून मान डोलावू, आणि खिडकी बंद होईल, आणि बुधवारी खालच्या टाकीत काठी कोरडी निघेल.

श्रीरंगरावांनी कागद सरळ केला. बायकोच्या पर्सला अडकवलेलं पेन काढून त्यांनी त्यावर ठेवलं.

"बाई," ते म्हणाले, आणि हा आवाज दबका नव्हता, रांगेच्या टोकाच्या लिंबापर्यंत जाईल असा होता, "रिक्षात काही सापडलं नाही. ही माझी बायको, हे माझे शेजारी, दोघं खोटं बोलतायत, ते माझ्यासाठी. माझा हात थरथरतो. सात महिने झाले. नियमात बसत असेल तर ही लिहील, मी खाली सही करीन, जशी येईल तशी. बसत नसेल तर मीच लिहितो. फक्त मला वेळ लागेल. तेवढा वेळ तुम्ही खिडकी बंद करू नका."